कामगार नसलेल्या माणसाची टोपी

दोष कॅप्टनचा होता. कंपनीचा नंतर, बाकीच्या पायलटांचा त्याच्याही नंतर. आधी त्याचाच. हे मी छातीठोकपणे सांगू शकते, कारण ऐन वेळी मी त्याच्या हातात होते. मी त्याची टोपी बोलतेय.

माझा जन्म गणवेश शिवणाऱ्या कारखान्यातला. शेजारच्या टेबलावर हॉटेलांच्या दारवानांच्या टोप्या शिवत होते. कापड एकच, आतला पुठ्ठाही एकच. सोनेरी जरीकाम तर त्यांनाच जास्त. हे कॅप्टनला कुणी कधी सांगितलं नाही. त्याला वाटायचं, मी आभाळातूनच पडले.

आरशासमोर उभा राहून दोन बोटांनी मला किंचित कलती करायचा आणि मगच घराबाहेर पाऊल टाकायचा. विमानतळावर लोक बाजूला होऊन वाट द्यायचे. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? पण विमान उडवताना तो मला काढून मागे अडकवायचा आणि कानांवर हेडफोन चढवायचा. म्हणजे खऱ्या कामात माझा उपयोग शून्य. मी फक्त चालताना मिरवायची वस्तू. हां, लांबच्या फेऱ्यांत एक काम असायचं. डोळ्यांवर मला ओढून तो खुर्चीतच पेंगायचा.

त्याची मुलगी त्याच कंपनीत को-पायलट झाली. तिला सलग पहाटेच्या ड्युट्या लावल्या, मधेच एक संध्याकाळची, की परत पहाटेची. शेवटी एका सकाळी तिनं ड्युटी लावणाऱ्या साहेबाला सरळ सांगितलं, "मी दमलेय. मागे माणसं बसणार आहेत. मी उडवणार नाही." झालं. तिला घरी बसवलं आणि वर बेशिस्तीची चौकशी लावली.

"आमच्या वेळी आम्ही अंगात ताप घेऊन उडवायचो," जेवताना कॅप्टन म्हणाला.

"आणि टोपी डोळ्यांवर घेऊन झोपायचात. तुमचे को-पायलट आता माझे कॅप्टन आहेत, बाबा. सगळं सांगतात."

"झोपायचो कसला? डोळे मिटायचो नुसते."

"तुमची ती टोपी उचला बघू आधी," आई म्हणाली. "ताटाशेजारी कंपनी नको मला."

पायलटांची एक मोठी युनियन होती. तिच्यात सामील व्हायचं की नाही, यावर कंपनीतले पायलट मत देणार होते. बहुमत झालं, तर चौकशीत मुलीच्या शेजारी युनियनचा माणूस बसणार होता. नाही झालं, तर पलीकडे चार साहेब आणि अलीकडे ती एकटी.

कॅप्टनला भीती होती, आणि ती अगदीच खोटी नव्हती. तरुणपणी त्याची पहिली कंपनी संपात बुडाली. नव्या कंपनीत अनुभव कुणी विचारत नाही, सगळ्यांच्या शेवटी उभं राहावं लागतं. केस पिकायला लागले असताना तो परत को-पायलट म्हणून पोरांच्या शेजारी बसला होता. तरीही त्या दिवशी हात धुऊन आल्यावर तो म्हणाला, "पहिलं मत माझं पडेल. बस?" मुलगी खुदकन हसली.

मग मुख्य पायलटचा, म्हणजे कंपनीच्या साहेबांपैकीच एकाचा, फोन आला. कधीकाळी कॅप्टननंच त्याला शिकवलं होतं. त्यानं धमकी दिली नाही, काही देऊही केलं नाही. एवढंच म्हणाला, "सर, सगळे विचारतायत, तुम्ही कामगार कधीपासून झालात?" कॅप्टन खुर्चीत ताठ झाला. त्यानं लाच घेतली असती, तर मला एवढी शरम वाटली नसती.

सभा पायलटांच्या खोलीत भरली. लांबू नावाचा एक पायलट म्हणाला, "चिठ्ठ्या टाकू. कुणाचं काय, ते कुणाला कळायला नको."

"चिठ्ठ्या? शाळेचा मॉनिटर निवडतोय का आपण?" एक जुना कॅप्टन गुरकावला. "ज्याला युनियन हवी त्यानं टोपी टेबलावर ठेवावी. ज्येष्ठतेनं."

या लोकांचं सगळंच ज्येष्ठतेनं चालतं. रजा, फेऱ्या, गाडीतली पुढची जागा, सगळं. वरच्यानं केलं की खालच्यानं करायचं, हे हाडात मुरलेलं. खरं तर मत सगळ्यात धाकट्यापासून घ्यायला हवं होतं, म्हणजे त्याला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागलं नसतं. मुलीला हे सुचलं नाही. उलट तीच म्हणाली, "चालेल. नाहीतरी पहिले बाबाच आहेत."

कॅप्टन उठला. त्यानं मला डोक्यावरून काढलं, आतला घामट पट्टा रुमालानं पुसला. टेबल इतकं जवळ आलं, की मला त्यावरचे चहाच्या कपांचे डाग दिसले. मग मी परत वर गेले. त्यानं मला डोक्यावर घट्ट दाबलं.

"आपण वैमानिक आहोत," तो म्हणाला. "कामगार नाही."

त्याच्यानंतरच्यानं टोपीला हात लावला नाही. त्याच्यानंतरच्यानंही नाही. कुणी बुटांकडे बघत होतं, कुणी फोनकडे. लांबूनं आपली ठेवली, आणखी थोड्यांनी ठेवल्या. शेवटी मुलीनं स्वतःची ठेवली आणि वर न बघता निघून गेली. बहुमत झालं नाही.

चौकशीच्या दिवशी कॅप्टन मला मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर बसला होता. आत जायला निघाला, तर शिपायानं अडवलं, "नातेवाइकांना परवानगी नाही, साहेब." दारातून मला ती दिसली. तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. संध्याकाळपर्यंत तिची नोकरी गेली.

आता कॅप्टन निवृत्त झालाय आणि मी बैठकीच्या खोलीत काचेच्या पेटीत बसलेय. पाहुणे आले की तो मला दाखवतो, विमानाच्या गोष्टी सांगतो. पाहुणे वा वा करतात. आई त्या वेळी स्वयंपाकघरातून बाहेर येत नाही. तुम्ही कधी आलात, तर कृपा करून माझं कौतुक करू नका. जमलं तर मला बाहेर काढा आणि खरंच उन्हात उभं राहणाऱ्या एखाद्या दारवानाला देऊन टाका.

त्याला एकच मुलगी. आईला फोन करते. त्याच्याशी बोलत नाही.