चार नंबरचा पंप

चार नंबरच्या खाटेवरच्या आजोबांचा श्वास मंदावलाय, हे चिमणीच्या लक्षात आलं. चिमणी म्हणजे वॉर्डातली सगळ्यात नवी नर्स. नोकरीला जेमतेम तीन महिने झालेले, आणि आवाज इतका बारीक की पेशंटला "कूस बदला" म्हणाली तरी त्याने "काय?" म्हणावं. पण त्या सकाळी ती अशी ओरडली की अख्खा वॉर्ड दचकला. तिने औषधाचा पंप बंद केला, इन्चार्ज अक्का धावत आल्या, डॉक्टरांनी उताऱ्याचं इंजेक्शन दिलं, आणि थोड्या वेळात आजोबा डोळे उघडून चहा मागायला लागले. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

मग पंपाकडे बघितलं. दुखणं थांबवायचं औषध तासाला दोन मिली जायला हवं होतं. आकडा होता आठ.

"मी दोनच लावलं होतं हो अक्का, शपथ!" चिमणी म्हणाली.

पंप हॉस्पिटलच्या नेटवर्कला जोडलेले होते, म्हणून कॉम्प्युटर विभागाचे साहेब लॅपटॉप घेऊन आले. दिसेल त्याला पासवर्ड लावतात म्हणून नर्सेस त्यांना पाठीमागे कुलूपवाले म्हणायच्या. स्क्रीनवर नजर फिरवून ते म्हणाले, "सव्वाअकराला आकडा बदललाय, आणि वॉर्डाच्याच पासवर्डने. बाहेरच्या माणसाला तो कुठून मिळणार? बोट घसरलं असेल पोरीचं."

मेट्रनबाईंनी चिमणीला चार वाजता लेखी खुलासा घेऊन बोलावलं. कच्च्या नोकरीत खुलासा मागितला म्हणजे काय, ते वॉर्डात सगळ्यांना ठाऊक होतं.

अक्कांचा हात मात्र खिशावरून हलत नव्हता. पंप दर दोन मिनिटांनी आपलं आपण लॉक व्हायचा. हातात ग्लोव्हज, समोर कण्हणारा माणूस, आणि मशीन म्हणतंय आधी पासवर्ड सांगा! तीन वेळा लेखी तक्रार केली, कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग अक्कांनीच चिकटपट्टीवर पासवर्ड लिहून नऊच्या नऊ पंपांवर डकवला होता. आणि आज सगळे आजोबांभोवती असताना त्याच अक्कांनी त्या पट्ट्या गुपचूप काढून खिशात कोंबल्या होत्या.

दुपारी डबा उघडायच्या आधी त्यांना एकदम फोटो आठवला. दीड महिन्याने घरी निघालेल्या पेशंटबरोबर गेल्या आठवड्यात सगळ्यांनी काढलेला. "टाका गं हॉस्पिटलच्या नेटवरच्या पानावर, आपलंही जरा कौतुक होऊ दे," असं अक्काच म्हणाल्या होत्या. त्यांनी मोबाइलवर तो मोठा करून पाहिला. त्यांच्या हसऱ्या चेहऱ्यामागे पंप, पंपावर पट्टी, पट्टीवर त्यांचंच टपोरं अक्षर. अगं बाई गं! अक्षर न् अक्षर वाचता येत होतं, जगातल्या कुणालाही.

निवृत्तीला दोन महिने उरले होते. गप्प बसलं तर काय बिघडतं? अक्कांचं काही नाही. बिघडणार होतं ते चिमणीचं, जिने आजोबांना वाचवलं होतं. अक्कांना स्वतःची शरम वाटली. डबा तसाच ठेवून त्या उठल्या.

चार वाजता मेट्रनबाईंच्या टेबलावर त्यांनी नऊ पट्ट्या ठेवल्या, मोबाइलही ठेवला. "पासवर्ड मी पंपांवर चिकटवला, पट्ट्या मीच लपवल्या. आता आकडा पंपाच्या बटणावरून बदलला की कुठून, ते तरी नीट बघा."

कुलूपवाल्यांना पुन्हा बोलावलं; त्यांनी या वेळी अर्धा तास घेतला. मग चष्मा काढून म्हणाले, "नेटवर्कवरून. हॉस्पिटलच्या बाहेरून." त्यांनी आधी सगळे पंप नेटवर्कपासून तोडायला सांगितले. दर दोन मिनिटांचं लॉकही आजच बघतो म्हणाले.

"हे वर कळवावं लागेल, अक्का," मेट्रनबाई म्हणाल्या. "आजपासून इन्चार्जपद नाही."

"कळवा. चिमणीचा कागद तेवढा फाडा."

मेट्रनबाईंनी तो फाडला. चिमणी भोकाड पसरायच्या बेतात होती. "रडत काय बसलीस? आजोबांचं बीपी बघायची वेळ झालीय," असं म्हणून अक्कांनी तिला पिटाळलं.

बाहेर बाकावर आजोबांची मुलगी बसली होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. अक्का शेजारी बसल्या आणि सगळं सांगितलं, फोटोसकट. दीड आठवडा ही मुलगी त्यांना "अक्का, तुम्ही आहात म्हणून मी घरी जाऊन झोपू शकते" म्हणत आली होती.

तिने वॉर्डाच्या दाराकडे बघितलं.

"बाबांजवळ आत्ता कोण आहे?"

"ती नवी मुलगी. तिनेच वेळेवर ओळखलं."

"मग तिलाच राहू द्या," मुलगी उठत म्हणाली. "तुम्ही नका येऊ."

"बरं," अक्का म्हणाल्या, आणि मुलगी आत जाईपर्यंत बाकावरच बसून राहिल्या.