इथली वाट कुठं गेली?

मित्रांनो, मी एक म्हातारी घोडी आहे. कपाळावर कवडीएवढा पांढरा ठिपका आहे, म्हणून सगळे मला कवडी म्हणतात. आता माझ्या पाठीवर कुणी ओझं लादत नाही. इंदापूर तालुक्यात लोणी देवकरच्या माळावर एका बाभळीला मी दिवसभर बांधलेली असते. कुणी आठवणीने पाणी दाखवलं तर पिते. रस्त्याने जाणारी मुलं माझ्या पुढच्या गुडघ्यांकडे बोट दाखवून हसतात, कारण तिथे केसच उगवत नाहीत. त्या मुलांना मी काही सांगू शकत नाही. तुम्हाला सांगते.

माझा जन्म याच माळावरचा. मी पाठीवर ओझं घेण्याजोगी झाले तेव्हा बावड्याच्या बाजारात तात्याबा नावाच्या मेंढपाळाने मला विकत घेतलं. एस.टी.च्या गाड्या आमच्या भागात नव्यानेच धावू लागल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. दिवाळी झाली की तात्याबा आणि त्याच्यासोबतची घरं मेंढरं घेऊन कोकणात उतरत. पावसाळ्याच्या तोंडावर परत येत. तात्याबा सगळ्यांचा कारभारी होता. तो पुढे चालायचा आणि सगळे त्याच्या मागे.

माझ्या पहिल्या वाटचालीच्या सकाळी मी पुरती हबकून गेले. घोंगड्या, तांब्याचा हंडा, तवा, पिठाची पिशवी, कोंबड्यांची दुरडी आणि वर कापडात गुंडाळलेली दोन कोकरं! अख्खं घर माझ्या पाठीवर चढलं. तात्याबाची सून गोजरबाई दोर आवळत होती. तिचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं होतं. तिचीही ही पहिलीच वाटचाल होती. सासऱ्यासमोर ती कधी तोंड उघडत नसे. डोक्यावरचा पदर पुढे ओढून ती माझ्या बाजूने मुकाट चालायची.

तात्याबाच्याही दोन पावलं पुढे त्याची बायको बानूबाई असायची. ती सतत बोलायची. "हितं दगुड हाय गं बाय," "हितं वढा हाय, जपून," असं माझ्याशी किंवा वाऱ्याशी बोलत राहायची. तात्याबा तिच्या मागोमाग, माझा दोर मनगटाला गुंडाळून चालायचा. मला वाटायचं, म्हातारीला बडबडायची सवयच आहे.

बारामतीजवळ कालव्याच्या कडेला हिरवागार ऊस होता. माझं लक्ष तिकडेच होतं. एवढ्यात पाठीमागून काहीतरी गर्जत आलं. आयुष्यात पहिल्यांदा मी एस.टी. पाहिली! मी उडीच मारली. सगळे रस्त्याच्या कडेला पळाले. तात्याबा मात्र मधोमध उभा राहिला. गाडी करकचून थांबली. ड्रायव्हर खाली वाकून ओरडला, "आंधळा हाय काय रं म्हाताऱ्या?"

तात्याबाचा मुलगा, गोजरबाईचा नवरा सिद्धू चिडून ड्रायव्हरच्या अंगावर धावून गेला. बानूबाईने नवऱ्याचा हात धरून त्याला बाजूला घेतलं. गाडी निघून गेली तरी तिने तो हात सोडला नाही. मला वाटलं, तीही माझ्यासारखी गाडीला भ्यायली.

जेजुरीला सगळ्यांनी भंडारा लावला. माझ्याही कपाळाला लावला. पुढे जमीन चढू लागली. डोंगरांवर डोंगर बघून माझी छाती दडपली. भोरच्या पुढे रान दाट झालं आणि एका सकाळी आम्ही घाटमाथ्यावर आलो. मित्रांनो, माळावरच्या घोडीला जमीन संपते हे ठाऊकच नसतं. तिथे ती संपली होती. खाली नुसतं धुकं. मी जागच्या जागी थिजले.

"चल गं कवडे," तात्याबा म्हणाला. "तीस वर्सं हीच वाट तुडवली म्या."

आम्ही उतरू लागलो. त्या दिवशी दोन मेंढ्या आडरानात शिरल्या म्हणून बानूबाई मागे राहिली होती. पुढे होता फक्त तात्याबा आणि त्याच्यामागे मी. तो भराभर चालत होता. एक वळण आलं आणि मी पाय रोवले. समोर वाट नव्हती! पावसाळ्यात दरड कोसळून ते वळणच दरीत गेलं होतं. डाव्या अंगाला कुणीतरी नवी पायवाट खोदली होती. ती अगदी उघड दिसत होती.

तात्याबाने दोर ओढला. मी हलले नाही. मागून सिद्धूने माझ्या पाठीत काठी घातली. "आडमुठी हाय आबा ही!"

"वाट रुंद हाय गं हितं," असं म्हणत तात्याबाने पाऊल टाकलं. ते हवेत पडलं.

माझ्या तोंडाला असा हिसका बसला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. तात्याबा कड्यावरून खाली लोंबकळत होता आणि त्याचा सगळा भार माझ्या दोरावर होता. माझे गुडघे खडकावर आपटले, सोलून निघाले. मी मागे रेटत राहिले. ओझं सुटलं. हंडा दरीत गेला. त्याचा आवाज खाली, आणखी खाली होत गेला. कोकरं गोजरबाईने कशीबशी झेलली. सिद्धू आणि सोबतच्या दुसऱ्या घरातला कर्ता रामहरी पोटावर पडून सरकले आणि त्यांनी तात्याबाला बखोटीला धरून वर ओढलं.

तात्याबा धापा टाकत बसला होता. मग त्याने दोन्ही हातांनी पुढची जमीन चाचपली आणि विचारलं,

"हितली वाट कुठं गेली?"

मित्रांनो, ते वाक्य ऐकून माझ्या अंगावर काटा आला. दरड सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. नवी पायवाटही समोर होती.

"आबा," सिद्धूचा आवाज फाटला, "तुमाला दिसत न्हाय?"

बानूबाई धावत आली होती. तिने पुढे होऊन नवऱ्याचा हात धरला. "न्हाय दिसत त्यांला. वरीस झालं. मानसं, मेंढरं, समद्या सावल्याच. म्या म्होरं बोलत चालायची, त्या आवाजामागनं ते यायचे."

"आये! तुला ठावं व्हतं?"

"व्हय. मला शपथ घातली व्हती."

रामहरीचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने आपली दोन्ही लेकरं ओढून जवळ घेतली. "आमची पोरं ह्यांच्या मागनं चालली व्हती, बानूबाई! आमी आता न्हाय म्होरं येत. आमची घरं मागं फिरली."

त्याचं काय चुकलं? पण मागे माळावर गवताची काडी उरली नव्हती. मेंढरं मेली असती. आणि पुढचा घाट तात्याबाशिवाय कुणाला धड ठाऊक नव्हता. तात्याबा मान खाली घालून म्हणाला, "मला हितंच सोडा. तुमी जावा."

तेव्हा जे घडलं ते कुणाच्याच ध्यानीमनी नव्हतं. गोजरबाईने कोकरं सिद्धूच्या हातात दिली. माझा दोर उचलला. दोराचं दुसरं टोक सासऱ्याच्या हातात ठेवलं. आणि साऱ्या लोकांदेखत ती मोठ्याने बोलली,

"मामंजी, उठा. मला दिसतंय ते म्या सांगते. त्याच्या म्होरं काय हाय ते तुमी सांगा."

सिद्धू तोंड उघडं टाकून बघत राहिला. तात्याबाने ते टोक मनगटाला गुंडाळलं. मग तो उठला.

"डाव्या अंगाला पायवाट हाय. खाली जोडीनं दोन उंबर दिसत्यात," ती म्हणाली.

"त्या उंबरांखाली पाणी हाय. तितनं उजवी धर पोरी, डावीकडं शेवाळ हाय."

असे आम्ही उतरलो. मी लंगडत होते. रामहरी वर उभा राहून बघत होता. आम्ही उंबरांपाशी पोचलो, पाणी खरोखरच होतं, तेव्हा त्याची मेंढरं उतरताना दिसली. खाली तळ पडल्यावर तो आपला हंडा घेऊन आला आणि बानूबाईच्या चुलीपाशी ठेवून गेला. सिद्धूने माझ्या गुडघ्यांना हळद लावली. ज्या हाताने काठी मारली होती, तोच हात होता तो. तो रडत होता.

उन्हाळा सरताना परत आलो, तेव्हा सिद्धूने बापाला बारामतीच्या डॉक्टरांकडे नेलं. मोतीबिंदू होता. डॉक्टर म्हणाले, एक डोळा वाचेल. दुसऱ्याला फार उशीर झाला. आधी का नाही आणलंत?

ऑपरेशन झालं. जाड काचांचा चष्मा लावून तात्याबा माळावर आला. अंगणात गोजरबाई मला पाणी पाजत होती. तो तिच्यासमोर थांबला. तिने पदर पुढे ओढला. तो तिच्याकडे बघतच राहिला.

"तू गोजर व्हय?" त्याने विचारलं. "आगं, केवढीशी हायेस तू! म्या तुला आज बघतोय."

त्याच घरात ती वर्षभर वावरली होती. रोज त्याच्या ताटात भाकरी वाढत होती.

पुढे कितीतरी वर्षं मी तो घाट चढले, उतरले. पण अंगणातलं तात्याबाचं ते बोलणं ऐकून मला जेवढा धक्का बसला, तेवढा दरीच्या काठावरही बसला नव्हता. मित्रांनो, तुमच्या घरात कुणी उंबऱ्यापाशी पाय चाचपत असेल, हाक मारल्यावर भलतीकडे बघत असेल, तर त्याला हसू नका. 'जपून चाला' म्हणून पुढेही जाऊ नका. जवळ बसा आणि विचारा, तुम्हाला मी दिसतो का?