छताचा आवाज पोहोचवणारा फोन

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल फोन आहे. माझी काच कोपऱ्यात तडकली आहे आणि पाठीचे झाकण रबराने बांधले आहे. माझ्यासारख्याने आपली कहाणी सांगावी का, असा संकोच वाटतो. पण आज राहवत नाही.

एका कारखान्यात, असंख्य भावंडांबरोबर मी जन्मलो. मला विकत घेतले ते घरे तपासणाऱ्या एका गृहस्थांनी. त्यांची लेक त्यांना बाबा म्हणते, म्हणून मीही म्हणतो. कोणी घर विकत घेण्याआधी बाबा तिथल्या भिंती, नळ, विजेच्या तारा पाहत आणि ओल दिसली की माझ्याकडून फोटो काढून घेत. माळ्यावर, जिन्याखाली, टाकीमागे, कुठे म्हणून मी गेलो नाही! "डोळा असावा तर असा," असे म्हणून बाबा मला सदऱ्याला पुसत. तेव्हा मला मूठभर मांस चढे.

पुढे बाबांच्या गुडघ्यांनी शिडीशी कट्टी केली. त्यांनी घरबसल्या अर्धवेळ तपासणी सुरू केली. लेक त्या त्या घरी जाऊन कॅमेरा फिरवी आणि बाबा पडद्यावर पाहून सांगत. त्यासाठी नवा कोरा फोन आला. माझ्या वाट्याला उरले विजेरीचे काम. अंधाऱ्या कोपऱ्यात उजेड पाडायचा आणि पुन्हा पिशवीच्या तळाशी, किल्ल्यांच्या शेजारी पडून राहायचे. मी मनाची समजूत घातली, पण ती पटत नव्हती.

एके दिवशी आम्ही एका रिकाम्या घरी गेलो. घर घेणाऱ्या बाई सोबत होत्या. आतल्या खोलीचे छत नुकतेच रंगवलेले, अगदी चकचकीत.

"रंगावर जाऊ नकोस," बाबा म्हणाले. "झाडूच्या दांड्याने ठोक. गिलावा सुटला असेल तर पोकळ आवाज येईल."

लेकीने ठोकले.

"अगं, ठोक ना!"

"ठोकतेच आहे, बाबा!"

"कशावर, गादीवर? मला काही ऐकू येत नाही."

तिने आणखी जोर लावला. "आता शेजारी भांडायला येतील हं!"

पलीकडून बाबा हळूच म्हणाले, "कान गेले माझे. ठोका ओळखता येत नसेल तर हे काम कसलं? अंदाजाने 'घर चांगलं' म्हणणार नाही मी. त्या बाईंना दुसरा माणूस बघायला सांग. आजपासून हे बंद."

लेकीचा चेहरा उतरला. मग ती थबकली. "बाबा, माझं हळू बोलणंही ऐकू येतं ना? मग एवढा ठोका का नाही?"

नवा फोन फार हुशार होता, मित्रांनो. माणसाचे बोलणे तेवढे ठेवून बाकी सगळा आवाज तो गोंगाट समजून गाळून टाकी. मला ही विद्या कोणी शिकवलीच नव्हती! लेकीने मला पिशवीतून काढले, घरचा नंबर लावला आणि उंच धरले.

टक्. टक्. टक्. आणि मग, ढब्!

"थांब!" बाबा ओरडले. "तिथून बाजूला हो! सगळ्या बाहेर या!"

गवंड्याला बोलावले. त्याने दारात उभे राहून लांब बांबूने छताला ढोसले, तशी गिलाव्याची भलीमोठी ढलपी धाडकन खाली आली. खोलीभर धूळ उडाली आणि हळूहळू खाली बसली.

"तिथेच सासूबाईंचा पलंग टाकणार होते मी," बाई कशाबशा म्हणाल्या.

"ऐकू आलं!" बाबा माझ्यातून गरजत होते. "अगं, धूळ बसल्याचंसुद्धा ऐकू आलं!"

"बाबा, आता फुशारकी पुरे," लेक म्हणाली. पण तिचे डोळे भरले होते आणि तिने मला ओढणीने पुसले.

आता नवा फोन आणि मी जोडीने जातो. पाहायचे त्याने, ऐकवायचे मी. मला नवी बॅटरीही मिळाली आहे.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी तिला एकदा नीट पुसा आणि काम करू द्या. मगच काय ते ठरवा. बरे, येतो मी. एक तिमजली घर वाट पाहत आहे आणि त्याची सगळी छते बाबांना ऐकवायची आहेत!