पाहुण्या बियाण्याची पट्टी

केंदूरच्या शिवारात कुशाबाईची जमीन फार नव्हती, पण तिच्या बांधावरून जाणारा मान वळवून बघितल्याशिवाय पुढं जात नसे. आणि कुणी न बघताच चालला, तर कुशाबाई त्याला हाक मारी, "डोळं घरी ठिवून आलास का रं?"

म्हणून मागल्या साली शेतकी कॉलेजातला दानिएल नव्या ज्वारीचं बियाणं पेरून बघायला रान कोण देतं, असं विचारत गावात आला, तेव्हा बाप्ये एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिले आणि ही बाई बोलून मोकळी झाली. दानिएल शिरूरचा, मिशनच्या शाळेतल्या मास्तरांचा मुलगा. ऐन उन्हाळ्यात येऊन त्यानं खुंट्या ठोकल्या. ओढ्याकडची पट्टी नव्या बियाण्याला, बांधाकडची गावठीला. माघात पीक निघालं, तर ओढ्याकडचं कणीस एका मुठीत मावेना. दानिएलनं दोन्ही पट्ट्यांचं धान्य वेगवेगळं तोललं, लिहून घेतलं आणि गेला.

यंदा भाद्रपदात तो आला तो शेतकीच्या मासिकाचं छापील पुस्तक हातात घेऊनच; त्यात त्याचा ह्या पेरणीवरचा लेख होता. कुशाबाईनं त्याला पडवीत घोंगडी टाकून दिली. पहिल्यांदा आला तेव्हा त्याला बाहेर वट्यावरच बसवलं होतं. वट्यावरून पडवीत यायला त्याला वर्ष लागलं, आणि त्याला बोलवायला कुशाबाईलाही.

योग असा, की माहेरच्या राहू गावाहून तिचा धाकटा भाऊ हौसराव त्याच दिवशी दोन रिकामी पोती घेऊन आला होता.

"वाच," कुशाबाई म्हणाली. "मोठ्यानं वाच. शेजारणीच्या कानावर पडू दे."

"इंग्रजीत आहे आजी. मराठीत सांगतो. शेवटी आभार मानलेत, केंदूरच्या कुशाबाईंचे."

"नुसतं कुशाबाई? मालकांचं नाव न्हाई?"

"नाही."

"बरं झालं. त्यांनी नांगराला हात कवा लावला हुता?"

हौसराव खो खो हसला. मग पोत्यांवर हात ठेवून म्हणाला, "आक्का, बियाणं न्यायला आलोय. आमच्या सोसायटीत ठरलं, यंदा सगळ्या राहूनं ह्येच पेरायचं. समदे म्हणले, हौसरावाच्या बहिणीच्या रानात पिकलं, आन् आता छापूनबी आलंय म्हणं. कणगीतलं गावठी बियाणं लोकांनी दळून खायला काढलं बघ. मीबी काढलं."

दानिएल खुलला. कसं तपासलं ते सांगू लागला. दोन्ही पट्ट्यांची माती एक, नांगरट एक, खत सारखं, पाऊस तर देवाचाच. फरक फक्त बियाण्याचा. म्हणून जे जास्त पिकलं ते बियाण्याचं देणं.

"सारखं कसं?" कुशाबाईनं पदर सावरला. आता आपली थोरवी सांगायची वेळ आली, असं तिला वाटलं. "आरं, नवं बियाणं म्हंजी पाव्हणं. माझ्या रानात पयल्यांदा आलेलं. त्याला कोरडी भाकर वाढून गावात नाक कापून घिऊ व्हय? तू खुंट्या ठोकून गेलास, आन् सावळाराम धनगर मेंढरं घिऊन आला. ओढ्याकडच्या पट्टीत बसवून घेतली मी. पाच राती! त्याला पोतंभर दाणं मोजलं."

मेंढरं रात्रभर रानात बसली, की लेंड्यांनी आणि मुतानं जमीन कशी माजते, हे हौसरावाला सांगायला नको होतं. त्याचं हसू मिशीतच राहिलं.

"आणि दुसऱ्या पट्टीत?" दानिएलनं विचारलं.

"ती घरची. घरच्याला कसलं ताट?"

"पण आजी, मी विचारलं होतं ना, खत काय घातलं म्हणून?"

"खत इचारलंस. शेणखताच्या पाट्या दोन्हीकडं सारख्या, खरं त्येच सांगितलं. मेंढरं बसवली का, असं कवा इचारलंस? खत आपुन घालतो. मेंढरं आपलं ती घालत्यात."

दानिएलनं चहाची बशी खाली ठेवली. सून वच्छला दारात येऊन उभी होती, ती आत गेली.

"मग हे पीक बियाण्याचं, की मेंढरांचं, मला सांगता येणार नाही," तो म्हणाला.

"आता ऱ्हाऊ द्या," हौसराव हळूच म्हणाला. "छापून झालंय. हितं आपुन तिघंच हाय. बियाणं वाईट हाय, असं तर कुणी म्हणत न्हाई?"

दानिएल त्याला नाही म्हणाला नाही. पुस्तकाच्या पानावर बोट फिरवत राहिला. "आजी, माझी नोकरी यावरच पक्की व्हायची आहे. दिवाळीनंतर बोलावणार आहेत."

कुशाबाईनं पुस्तकाकडं बघितलं. तिचंही नाव त्यात होतं. संध्याकाळी चावडीपुढं वाचून घ्यायचं, असं तिनं मनात योजलं होतं. कोण कोण बसेल, कुणाचं तोंड उतरेल, तेही ठरलेलं होतं.

ती उठली. दोन्ही पोत्यांच्या घड्या घातल्या आणि भावाच्या मांडीवर ठेवल्या.

"ह्या रिकाम्याच ने. आन् सोसायटीत सांग, ह्या बियाण्याचं अजून कुणालाच ठावं न्हाई. ज्याच्या कणगीत गावठी उरलंय त्यानं ते जपा."

"आक्का, लोक मला हसत्याल!"

"हसू दे. माझं माहेर पुढल्या साली दाण्याला रडण्यापरीस तुला हसलेलं बरं."

मग ती दानिएलकडं वळली. "तुला म्या काय शिकवायचं? म्या दुसरीतनं उठलेली. पर ह्ये वाचून आणखी कुणी घरचं बियाणं मोडलं, तर त्यो कुणाच्या दारात येणार? माझं नाव तळाला हाय. तुझं वरती हाय, बाबा."

दानिएलनं पुस्तक मिटलं. "पुढच्या अंकात दुरुस्ती छापता येते. मी विचारलं नाही आणि मधे बघायलाही आलो नाही, हे लिहावं लागेल."

"लिव. आन् मेंढरं लिव. नुसतं 'चूक झाली' म्हणून आवरू नगंस. म्या बसवली, ह्ये माझंबी लिव. म्या चूक म्हणत न्हाई त्याला, पर लिव."

चैत्रात तो नवा अंक घेऊन आला. चारच ओळी होत्या. कुशाबाईनं त्या दोनदा वाचून घेतल्या.

"सावळारामाचं नाव न्हाई ना?"

"नाही. नुसत्या मेंढ्या."

"बेस. न्हाईतर यंदा दीड पोतं मागंल." तिनं अंक मिटून ठेवला. "आन् नोकरी?"

"दुसऱ्याला मिळाली. मी आहे तसाच, कच्चा."

कुशाबाई उठली. आत जाऊन तिनं चुलीपुढं पाट टाकला. वच्छला बघत राहिली, तर म्हणाली, "बघतीस काय? भाकरी वाढ." आणि बाहेर हाक दिली, "ये आत. खुंट्या आणल्यास का?"

"आणल्यात. पण आजी, या खेपेला..."

"ठावं हाय. मेंढरं बसली तर दोन्हीकडं, न्हाईतर कुठंच न्हाई. पाव्हण्याला घरच्यासारखंच वाढीन." आणि चुलीत लाकूड सारत पुटपुटली, "मनाला पटत न्हाई. पर वाढीन."