हिरवा दिवा लागत नव्हता

"लागला का?" मी मागून विचारलं.

"लागेल गं. जरा दम धर."

चढावरचा सिग्नल लाल होता आणि लायलचा डावा पाय सारखा खाली-वर चालला होता. पहिला गिअर, दुसरा, पुन्हा पहिला. मधला न्यूट्रल काही सापडेना आणि हॅण्डलजवळचा न्यूट्रलचा हिरवा दिवा काही पेटेना. आमच्या ड्युलुथ गावच्या चढांवर मोटरसायकल उभी ठेवणं म्हणजे परीक्षाच. उजव्या हाताने ब्रेक आवळलेला, डाव्या हाताने क्लच दाबून धरलेला, आणि मागे माझ्यासारखी भरभक्कम बायको. न्यूट्रल लागला की डावा हात मोकळा होतो. नाही लागला, तर सिग्नल सुटेपर्यंत क्लच दाबून बसायचं.

समोरून एक बाई बाबागाडी ढकलत रस्ता ओलांडत होती. ती अगदी आमच्या चाकासमोर आली आणि लायलचा क्लचवरचा हात सुटला. गाडीने पुढे एक हिसका दिला आणि बंद पडली. चाक आणि बाबागाडी यांच्यात जेमतेम वीतभर जागा उरली.

"अहो, बाळ आहे यात," ती बाई म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. आमच्याकडे कोणी चढवत नाही, आणि म्हणूनच ते जास्त लागतं. लायल माफी मागत राहिला. घरी पोचेपर्यंत मी त्याचं जाकीट मुठीत धरून ठेवलं होतं.

"क्लच नीट सुटत नाहीये," अंगणात गाडी लावत तो म्हणाला. "केबल ढिली झाली असणार."

"हो, केबलच," मी म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले की माझी मलाच भीती वाटली.

लायलचा थोरला भाऊ व्हर्न. त्याचं दुखणं डाव्या हातापासून सुरू झालं. त्याला शर्टाची बटणं लावता येईनात, तेव्हा त्याने शर्टांना दोष दिला. हल्ली काजं लहान करतात मेले, म्हणायचा. नवे शर्ट आणले, तेही परत केले. मग हात गेला, दुसरा गेला, पाय गेले, आणि शेवटी घास गिळता येईना. मी भरवलंय त्याला. डोळे तेवढे शेवटपर्यंत शाबूत होते. घराण्यातून येतं हे, डॉक्टर म्हणाले होते, पण प्रत्येकालाच येईल असं नाही. त्या 'प्रत्येकालाच नाही'वर मी इतके दिवस काढले होते.

म्हणून सांगते, गाडी बिघडलेली असावी असा नवस मी बोलले असते. लायलने केबल ताणली, मग बदलली. इंजिनातलं तेल बदललं. नव्या क्लच प्लेटा बसवल्या. गाडी चालती असताना गिअर लोण्यासारखे पडायचे. थांबली की न्यूट्रल गायब. आणि मी, नको म्हटलं तरी, बघत सुटले होते. लायल पोस्टमन. पत्रांचा गठ्ठा डाव्या हातात धरून घरोघर फिरायचा, तो आता लहान मूल घ्यावं तसा कोपराच्या खोबणीत घेऊन फिरायला लागला होता. लोणच्याची बरणी माझ्याकडे सरकवायचा, म्हणायचा, "तू उघड, मी पाव कापतो."

शेवटी त्याने टोइवोला बोलावलं. टोइवो पंचाहत्तरीचा, शेजारचाच. त्याने उभा जन्म गाड्या उघडण्यात घालवलेला, बोलायला मात्र कंजूष. त्याने केबल पाहिली, प्लेटा पाहिल्या, नाकात गुणगुणत सगळं परत लावलं. मग स्वतः गाडीवर बसला, इंजिन सुरू केलं, क्लच दाबला आणि पायाने हलकेच टिचकी मारली. हिरवा दिवा लागला. पुन्हा पहिला टाकला, पुन्हा टिचकी, पुन्हा दिवा.

"गाडीला काय धाड भरली आहे?" तो म्हणाला. "बस तू."

लायल बसला. दिवा लागेना.

"क्लच पूर्ण दाब की रे."

"दाबलाय पूर्ण."

मी पाहिलं. टोइवोनेही पाहिलं. क्लचचा दांडा आणि हॅण्डल यांच्यामध्ये माझा अंगठा सहज गेला असता. लायलचं कपाळ घामाने भिजलं होतं, ओठ दाबलेले होते, आणि तो दांडा तिथून पुढे येत नव्हता. अर्धवट दाबलेल्या क्लचमध्ये न्यूट्रल कुठून सापडणार? टोइवो फडक्याने हात पुसत राहिला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

"स्प्रिंगा कडक आहेत तुझ्या," तो शेवटी म्हणाला. "हलक्या घालू. मग दाबला जाईल."

"तेच म्हणतोय मी कधीपासून," लायल म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान आलं की मला तिथे उभं राहवेना.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला मी विषय काढला. "हलक्या स्प्रिंगा घालायच्या नाहीत."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"स्प्रिंगांतलं नाही कळत. मला व्हर्न कळतो."

त्याने अंड्यात खुपसलेला काटा तसाच ठेवला. मला वाटलं, आता उठून जाणार. तो उठला नाही.

"मार्चपासून माहीत आहे मला," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीस, लायल?"

"बोललो असतो तर तू माझी बटणं लावायला लागली असतीस."

मी रडले. तो खिडकीकडे बघत बसला. मग मीच दवाखान्याला फोन लावला आणि त्याने लावू दिला.

जायच्या दिवशी गाडीची किल्ली हातात घेऊन तो दारात उभा. मोटरसायकलची किल्ली.

"वेड लागलंय का तुला? माझी कार आहे ना."

"व्हर्न दवाखान्यात कारमधूनच गेला होता. मागच्या सीटवर बसून." मग माझं नाव घेऊन हळूच म्हणाला, "गेल, डॉक्टर बंद म्हणाले की बंद. अजून कोणी म्हणालेलं नाही."

चुकीचं होतं ते, मला माहीत होतं. त्याच्यामागे बसायची छाती होत नव्हती आणि त्याला एकट्याला सोडायची त्याहून होत नव्हती. बसले. वाटेत प्रत्येक वळणावर माझा जीव टांगणीला लागलेला. तो मात्र झकास चालवत होता, नेहमीसारखा.

आमची वस्ती सरोवरातल्या वाळूच्या पट्टीवर. गावात जायचं तर तो उचलायचा पूल ओलांडावा लागतो, आणि जहाज आलं की पूल वर जातो, माणसं खोळंबतात. आमच्याकडे उशिराचं हेच एक कारण कोणीही ऐकून घेतं. त्या दिवशी नेमकी आम्ही पोचतोय तोच घंटा वाजली आणि फाटक पडलं. आम्ही सगळ्यात पुढे. खनिज न्यायला आलेलं लांबलचक जहाज सावकाश आत शिरत होतं.

लायलचा पाय सुरू झाला. खाली, वर, खाली, वर. फाटकापाशी जहाज बघायला माणसं जमली होती, पोरंबाळं होती. इंजिन बंद कर, म्हणायला मी तोंड उघडलं.

"गेल."

"हं?"

"हात दे."

मी हातमोजा काढला, त्याच्या पाठीवर रेलून हात लांबवला आणि त्याच्या बोटांवर ठेवला. बोटं गार होती. मी दाबायला लागले आणि मला कळलं की दाबणारी मी एकटीच आहे. दांडा हॅण्डलला टेकला. त्याने टिचकी मारली. दिवा लागला.

"लागला," तो म्हणाला. बाकी काही नाही. मी हात काढून घेतला नाही आणि त्यानेही काढ म्हटलं नाही.

जहाज गेलं. पूल खाली आला, फाटक उघडलं, पलीकडच्या गाड्या यायला लागल्या.

"लायल, रस्ता मोकळा झाला."

"दिसतंय मला."

"जाऊ या?"

"थोडं थांब."

पहिला गिअर टाकायला पुन्हा माझाच हात लागणार होता. मी थांबले. मागच्यांना दुसऱ्या हाताने पुढे जायची खूण केली, आणि ते हॉर्न न वाजवता एकेक करून आम्हाला वळसा घालून जाऊ लागले. एकाने आमच्या शेजारी गाडी थांबवून काच खाली केली.

"काय झालं? मदत हवी का?"

"नाही, आभारी आहे," लायल म्हणाला. "गाडी एकदम ठीक आहे."