कूस बदलण्याची वेळ

"पाणी कोणी घातलं या झाडांना?" लुसीने विचारलं.

"मी, आंटी," शेजारची मनाली ओशाळली. "दुपारी माना टाकलेल्या दिसल्या. राहवलं नाही."

"तहानेनं नाही गं टाकल्या. बुडाशी चिखल, वर हा मे महिना. श्वास घ्यायचा कुठून त्यांनी?"

लुसीने पाचही कुंड्या आडव्या केल्या. उमेळे गावातल्या त्यांच्या इमारतीच्या गच्चीवर गढूळ पाण्याचे ओघळ पसरले. रुपेरी, लवदार पानांची ही झाडं तिची बहीण रोझमेरी हिने उटीहून आणली होती. पुढे दृष्टी गेली, अंथरूण धरलं, तेव्हा उशाशी ठेवलेल्या कुंडीतल्या पानांवरून ती बोटं फिरवत राही. "सशाचा कान," म्हणे. दोन वर्षं, दर दोन तासांनी, लुसीने तिची कूस बदलली. पाठीला एक जखम होऊ दिली नाही. रोझमेरीला जाऊन आता वर्ष झालं होतं.

सोसायटीचा सेक्रेटरी भूपेश घाम पुसत वर आला. "आंटी, सोमवारी गच्चीचं वॉटरप्रूफिंग आहे. जिवंत असतील ती झाडं तुमच्या दाराशी ठेवा. पण ही तर मेलेलीच आहेत ना!"

"मेलं की नाही, ते तू सांगणार? पस्तीस वर्षं वॉर्डात काढलीत मी. डॉक्टरच्या आधी मला कळायचं."

"थंड हवेची झाडं ही, इथली हवा मानवायची नाही त्यांना!"

"रोझमेरीला डॉक्टरांनी दोन महिने दिले होते. दोन वर्षं जगली ती."

उकळलेल्या कात्रीने तिने कुजलेली पानं एकेक करून कापली. चिखल काढून रेताड माती भरली. खोडाच्या गळ्याशी खडी पसरली, म्हणजे ओल पानांना शिवणार नाही. सकाळचं ऊन लागेल आणि दुपारचं टळेल अशा भिंतीशी कुंड्या हलवल्या, एकमेकींपासून हातभर दूर. प्रत्येकीच्या कडेला पुठ्ठा अडकवला: 'पाणी देऊ नये.' वॉर्डातल्या खाटेला पाटी अडकवायची, त्याच ठसठशीत अक्षरात.

रविवारी चर्चमधल्या मिस्साहून परतली ती थेट गच्चीवर. स्टुलावर बसून दिवसभर तिने झाडांना वर्तमानपत्राने वारा घातला. खालून कोणीतरी हसलं. लुसीचा हात थांबला नाही.

सोमवारी भूपेश गोणी घेऊन आला. लुसीने पहिलं झाड उपटलं. मूळ बोटांत विरघळलं. दुसरं, तिसरं, चौथं. चारही तिने स्वतःच्या हाताने गोणीत ठेवली. टाकली नाहीत, ठेवली.

पाचव्याकडे भूपेशने हात नेला.

"हिला नाही."

करड्या, वाळक्या देठांच्या मधोमध, खडीला चिकटून, नखाएवढं एक रुपेरी पान उभं होतं.

"एवढंसंच तर आहे, आंटी. पावसाळ्यात टिकणार आहे का?"

कुंडी कडेवर घेऊन लुसी जिना उतरली आणि दाराशी, जाळीतून ऊन येत होतं तिथे, ती टेकवली. मग मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. दहा वाजले होते. दोन्ही हातांनी, झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये अशा बेताने, तिने कुंडी दुसऱ्या कुशीवर वळवली.