कण्हेरीचं पाणी

शेजारच्या ज्ञानूच्या घराला कुलूप लागलं आणि दुसऱ्याच दिवशी त्याची कोंबडी रुद्राप्पांच्या परसात आली. ज्ञानूनं बिऱ्हाड इचलकरंजीला हलवलं होतं, यंत्रमागावर काम मिळालं म्हणून. निघताना सगळ्या कोंबड्या डालग्यात भरल्या. ही तांबडी तेवढी कुठंतरी कुंपणाच्या वईत दडून राहिली, आणि टेम्पोवाला थांबायला तयार नव्हता.

रुद्राप्पांच्या घराण्यात कुणी कोंबडी पाळली नव्हती. लिंगायताचं घर, गळ्यात इष्टलिंग, नेसरीच्या पेठेत उभा जन्म किराणा मालाचं दुकान. बायको दानम्मा गेली तसं त्यांनी दुकानही बंद केलं. मुलगा राजशेखर पुण्याला. त्याचा फोन रविवारी यायचा. बाकी दिवस त्या घरात आवाज म्हणजे स्टोव्हचा.

पहिले काही दिवस त्यांनी कोंबडीला हाकललं. ती वईपर्यंत जायची आणि परत यायची. मग एकदा त्यांनी ताटातला भात तिच्यापुढं टाकला, आणि ती खाताना बघत तिथंच पायरीवर बसून राहिले. हळूहळू ते तिच्याशी बोलायला लागले, तेही कानडीत. दानम्माबरोबर ते कानडीच बोलत. सून मराठी असल्यामुळं राजशेखर फोनवर मराठीच बोले, आणि गल्लीत तर सगळेच मराठी. दानम्मा गेल्यापासून ती भाषा त्यांच्या तोंडातच राहिली होती. आता सकाळी दार उघडलं की ते कोंबडीला विचारत, “ऊटा आतेनु?” जेवलीस का?

चुलतभाऊ शशिधर एकदा येऊन हे बघून गेला आणि देवाच्या घरात हे काय मांडलंय म्हणून बोलला. रुद्राप्पा म्हणाले, ती घरात न्हाय, परसात हाय.

पण तिला काय घालायचं, ते त्यांना ठाऊक नव्हतं. शेवटी ते गल्लीच्या टोकाला चिमणाबाईकडं गेले. चिमणाबाईचा जन्म कोंबड्यांत गेलेला. ती हसली नाही. त्यांनी काय काय घातलं ते तिनं आधी विचारून घेतलं. पापडाचा चुरा म्हटल्यावर तिनं कपाळाला हात लावला.

“आण्णा, खारट म्हंजे तिला इख. हिरव्या पडल्याल्या बटाट्याची साल घालू नगा, कच्चा घेवडा नगं, बुरशी आल्याला मका तर आजिबात नगं. आन तुमच्या परसात कण्हेर हाय. कडू पाला, शक्यतो ती तोंड लावायची न्हाय. पर वाळल्याली पानं खाली पडू देऊ नगा.”

पांढरी कण्हेर दानम्मानं लावलेली. रोजच्या पूजेला तिचीच फुलं. त्या दिवसापासून रुद्राप्पा पहाटे उठून झाडाखालचं पान अन् पान झाडून काढू लागले. कोंबडी अंडी घालू लागली, तशी ते ती अंडी फडक्यात बांधून चिमणाबाईच्या नातवंडांना पोचवू लागले. पूजेची शिळी फुलं मात्र दानम्माच्याच रिवाजानं परसातल्या दगडी डोणीतल्या पाण्यात टाकत. निर्माल्य पायदळी येऊ नये म्हणून. डोणी भरली की पाणी जाईच्या मुळाशी.

बसवजयंतीला राजशेखर मुलांना घेऊन येणार होता. रुद्राप्पांनी माडी झाडून घेतली, गाद्या उन्हात टाकल्या, पुरणाच्या होळगीसाठी गूळ-डाळ आणली. रविवारी फोन आला: रजा मिळत नाही. ते म्हणाले, बरं, कामं असतात. फोन ठेवला आणि बाजेवर आडवे झाले. ऊन कलेपर्यंत उठलेच नाहीत. वैशाखाची तलखी, कोंबडीचं पाण्याचं परळ कोरडं पडलेलं.

उठून बाहेर आले तेव्हा ती डोणीजवळ बसली होती. मान खाली लोंबत होती. त्यांनी हाक मारली, ती उठायला गेली आणि कुशीवर पडली. टॉवेलात गुंडाळून ते तिला चिमणाबाईकडं घेऊन गेले. पायात चप्पल नव्हती. चिमणाबाईनं तिची चोच उघडून बघितली, पोट चाचपलं, मग त्यांच्याबरोबर परसात आली. झाडाखाली एक पान नव्हतं. ती डोणीपाशी थांबली. पाण्यावर पांढरी फुलं तरंगत होती.

“हिनं खाल्लं न्हाय, प्याली हाय,” ती म्हणाली. “कण्हेर पाण्यात उतरती, आण्णा. मला सांगायचं सुचलं न्हाय.”

“परळ भरायचं काम माझं हुतं,” रुद्राप्पा म्हणाले.

दिवेलागणीला कोंबडी त्यांच्या मांडीवरच गेली. दोघांनी मिळून तिला वईच्या कडेला पुरलं.

दुसऱ्या दिवशी ते कोयता घेऊन कण्हेरीपाशी गेले. एक फांदी तोडली. चीक हातावर आला. दानम्मा आजारी असतानाही भिंत धरत इथवर यायची, ते आठवलं आणि त्यांनी कोयता खाली ठेवला. हात राखेनं घासून धुतले. चिमणाबाई एक पिल्लू द्यायला आली, तिला ते नको म्हणाले. जिथं कण्हेर आहे तिथं पिल्लू नको.

रविवारी फोन वाजला. राजशेखरनं नेहमीप्रमाणे विचारलं, बरे आहात ना, जेवलात का. नेहमीप्रमाणे व्हय म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि बाहेर कानडी आली.

“ना ओब्बन अदीनि, राजू.”

मी एकटा आहे. मग राजशेखरनं, चाचरत, कानडीतच विचारलं, काय झालं अप्पा? रुद्राप्पांनी कोंबडी मेली म्हणून सांगितलं. त्यांच्या घरी कोंबडी होती हेच मुलाला ठाऊक नव्हतं. त्यांना मग सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, ज्ञानूच्या कुलपापासून.

ज्येष्ठात राजशेखर आला. एकटाच, एका रात्रीपुरता. सकाळी एस्टी निघाल्यावर रुद्राप्पा स्टँडवर थोडा वेळ उभे राहिले, मग घरी येऊन त्यांनी माडीवरची गादी पुन्हा गुंडाळून ठेवली.